नव्वद मीटर तार, वीस मीटर खोली

शिकागो, डेट्रॉइट, टोरांटो या शहरांत आणि त्यांच्या आसपास बरीच मराठी कुटुंबे राहतात. उन्हाळ्यात भारतातून आईवडील किंवा भावंडे आली, की कधीतरी भाड्याच्या बोटीने जवळच्या महासरोवरात मासे धरायला जाण्याचा बेत ठरतो. लहानपणी नदीत किंवा खाडीत गळ टाकलेल्या माणसालाही त्या बोटीवर जे दिसते ते चक्रावून टाकते. काठीच्या रिळावर नेहमीचा तंगूस नसतो. विजेच्या कामाला वापरतात तशी दिसणारी उघडी तांब्याची तार गुंडाळलेली असते. कप्तान ती तार बोटीच्या मागे सोडत सोडत नव्वद मीटरपर्यंत नेतो आणि विचारल्यावर सांगतो, की आमिष आता वीसेक मीटर खोलीवर आहे. बोटीखाली साठ मीटर पाणी आहे, तार धातूची आहे आणि नव्वद मीटर सोडलेली आहे. मग ती तळाला का टेकली नाही, हा पहिला प्रश्न. तळापर्यंत जायचेच नसेल तर तांब्याचा एवढा खटाटोप कशासाठी, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि ती समजण्यासाठी आधी पाण्याकडे, मग माशाकडे आणि शेवटी तारेकडे पाहावे लागते.

हे पाणी केवढे?

सुपीरियर, मिशिगन, ह्यूरॉन, ईरी आणि ओंटारिओ ही पाच महासरोवरे उत्तर अमेरिकेत अमेरिका आणि कॅनडा यांच्या दरम्यान पसरलेली आहेत. त्यांतल्या एकट्या सुपीरियरचे क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिकच आहे, आणि त्याची कमाल खोली ४०६ मीटर आहे. मिशिगन २८१ मीटर, तर ओंटारिओ २४४ मीटर खोल आहे. ईरी मात्र उथळ आहे. त्याची कमाल खोली अवघी ६४ मीटर भरते. यांच्याखेरीज न्यूयॉर्क राज्यात हिमनद्यांनी कोरलेली, हाताच्या बोटांसारखी लांबट ‘फिंगर लेक्स’ नावाची सरोवरे आहेत. त्यांतले सेनेका १८८ मीटर खोल आहे. तांब्याच्या तारेने मासे धरण्याची रीत या गार, खोल आणि गोड्या पाण्यात रुजली, आणि तिचे सगळे तर्कशास्त्र याच पाण्याचे आहे.

मासा खोल का जातो?

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्याहून गरम झाले तरी ते हलके होते आणि त्याहून थंड झाले तरी हलके होते. थंड प्रदेशातल्या खोल सरोवराचे सारे वार्षिक जीवन या एका गुणधर्मावर चालते. उन्हाळ्यात वरचे पाणी तापते, हलके होते आणि वरच राहते. वारा त्याला घुसळतो, पण ठरावीक खोलीपर्यंतच. तळाशी चार-पाच अंशांचे जड पाणी जागचे हलत नाही. या दोहोंच्या मध्ये एक पातळ थर तयार होतो, ज्यात काही मीटर खाली जाताच तापमान झपाट्याने उतरते: वर वीस अंश असेल, तर या थराच्या खालच्या काठाशी आठ-दहा अंश असू शकते. या मधल्या थराला ‘थर्मोक्लाइन’ म्हणतात. पुढे मी त्याला नुसता ‘मधला थर’ म्हणेन.

लेक ट्राउट हा इथला मूळचा मासा. त्याला साधारण १० अंशांच्या आसपासचे पाणी मानवते, तर चिनूक सामन १२ अंशांच्या आगेमागे खूश असतो. मासा थंड रक्ताचा प्राणी असल्यामुळे तापमान हा त्याच्या सोयी-गैरसोयीचा मामला राहत नाही. पचन, श्वसन, पोहण्याची ताकद हे सारे त्यावर ठरते. त्यामुळे मे महिन्यात किनाऱ्यालगत दोन-तीन मीटर पाण्यात सापडणारा मासा ऑगस्टमध्ये पंधरा, वीस, कधी तीस मीटर खाली असतो. तो तळाशी दडून बसतो अशी पुष्कळांची समजूत असते. लेक ट्राउट तळाजवळ सापडतो हे खरे. परंतु सामन बहुधा तळ आणि पृष्ठभाग यांच्या मध्ये कुठेतरी, आपल्याला मानवणाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात भटकत असतो. हा पट्टा चार-पाच मीटर जाडीचा असू शकतो. त्याच्या वर आमिष फिरवले तर मासा गरम पाण्यात सहसा येत नाही, आणि फार खाली फिरवले तर ते त्याच्या नजरेतून सुटते.

त्यात आणखी एक अडचण असते, ती म्हणजे हा पट्टा एका जागी राहत नाही. वारा किनाऱ्याकडून सरोवराच्या आत वाहू लागला, की वरचे तापलेले पाणी आत ढकलले जाते आणि त्याची जागा घेण्यासाठी खालचे थंड पाणी किनाऱ्याशी वर येते. मिशिगन सरोवराच्या काठावर भर उन्हाळ्यात काल पोहण्याजोगे असलेले पाणी आज हात घालवत नाही इतके गार होते, ते यामुळेच. म्हणून चांगला कप्तान कालच्या खोलीवर विसंबत नाही. तो सकाळी आधी पाण्याचे तापमान खोलीनुसार मोजतो आणि मग कोणती काठी काढायची ते ठरवतो.

तार तळाला का टेकत नाही?

या मासेमारीत बोट एका जागी उभी राहत नाही. ती ताशी साधारण ३ ते ४ किलोमीटर वेगाने, म्हणजे माणसाच्या चालीने, सतत पुढे जात असते आणि आमिष तिच्या मागे ओढले जाते. याला ‘ट्रोलिंग’ म्हणतात. हा वेग वाटतो तितका किरकोळ नाही, कारण पाणी हवेच्या तुलनेत सुमारे आठशे पट घन आहे आणि नव्वद मीटर लांबीच्या तारेच्या प्रत्येक वितीला ते अडवत असते.

मोटारसायकलवर मागे बसलेल्या मुलीची ओढणी डोळ्यांसमोर आणावी. गाडी उभी असताना ओढणी सरळ खाली लोंबते; गाडी सुरू झाली की ती मागे तिरकी होते आणि वेग वाढला की जवळजवळ आडवी फडफडते. तीच ओढणी पावसात भिजून जड झालेली असेल तर त्याच वेगालाही ती खालीच राहते. तारेचे गणित नेमके हेच आहे. तारेचे वजन तिला खाली खेचते, पाण्याचा रेटा तिला मागे आणि वर उचलतो, आणि हे दोन जोर ज्या कोनात एकमेकांना तोलतात त्या कोनात तार स्थिर होते. तारेची जाडी आणि वजन टोकापासून टोकापर्यंत सारखे असल्यामुळे हा तोल तिच्या प्रत्येक तुकड्याला सारखाच लागू होतो. परिणामी ती दोरीसारखा झोळ न घेता बहुतेक लांबीभर सरळ, तिरक्या रेषेत चालते.

ही रेषा किती तिरकी असते? सर्वांत प्रचलित असलेली ‘४५ पौंडी’ तार सात बारीक तारा पिळून केलेली असते आणि सुमारे वीस किलोचा ताण सोसते. ती नेहमीच्या वेगाला आपल्या लांबीच्या पाव हिश्श्याहून थोडी कमी खोली गाठते, असा मासेमारांचा अनुभव आहे. दर शंभर फुटांमागे वीस ते पंचवीस फूट, हे तिकडचे तोंडी गणित. म्हणजे नव्वद मीटर तारेला अठरा ते बावीस मीटर. एक मिलिमीटर जाडीच्या तारेसाठी वजन आणि पाण्याचा रोध यांचे साधे समीकरण मांडले, तरी उत्तर याच्याच आसपास, किंचित जास्त येते, कारण त्यात आमिषाने घेतलेली ओढ धरलेली नसते.

याच समीकरणातून वेगाचे महत्त्वही कळते. पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ढोबळमानाने वेग दुप्पट केला तर खोली निम्म्यावर येते. जाडीचे गणित जरा वेगळे आहे. तार दुप्पट जाड केली तर तिचे वजन चौपट होते, पण तिला अडवणारा रेटाही दुप्पट होतो. म्हणून खोली दुप्पट न होता सुमारे चाळीस टक्क्यांनीच वाढते. खोलीचा हुकूम रिळापेक्षा बोटीच्या इंजिनाकडे अधिक असतो, हे मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत कमी सांगितले जाणारे सत्य वाटते. नवखा माणूस मासा लागेना झाला की तार वाढवत बसतो. जाणकार आधी वेगाकडे पाहतो. त्यातही पेच असा, की वर आणि खाली पाण्याचे प्रवाह निरनिराळ्या दिशांनी वाहत असू शकतात. बोटीवरचा आकडा ४ किलोमीटर दाखवत असेल, तरी वीस मीटर खाली आमिषाला जाणवणारा वेग ३ किंवा ५ असू शकतो. एकाच जागी उत्तरेकडे जाताना मासे लागतात आणि दक्षिणेकडे परतताना लागत नाहीत, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते.

मग तांबेच का?

वर आलेला ‘वजन’ हा शब्द इथे थोडा सुधारून घ्यावा लागतो, कारण पाण्यात महत्त्व असते ते पाण्याहून अधिक असलेल्या घनतेला. पाण्याची घनता १ धरली तर नायलॉनच्या तंगुसाची १.१४, पोलादाची सुमारे ७.८, तांब्याची ८.९६ आणि शिशाची ११.३४ भरते. नायलॉन पाण्याहून जेमतेम ०.१४ ने जड, तर तांबे जवळजवळ ८ ने जड. म्हणजे सारख्याच जाडीची तार घेतली तर बुडवणारा जोर तांब्यात पन्नास पटींहून अधिक आहे. नुसता तंगूस कितीही सोडला तरी खोल का जात नाही, ते यावरून स्पष्ट व्हावे.

शिसे याहून जड आहे, हा आक्षेप रास्त आहे. शिशाचीही दोरी मिळते आणि ती पुष्कळ जण वापरतात. पण शिसे इतके मऊ आणि दुबळे असते, की माशाचा ताण सोसण्यासाठी त्यावर विणलेल्या धाग्याचे आवरण घालावे लागते. आवरणामुळे दोरी जाड होते, आत शिसे थोडे आणि बाहेर हलका धागा जास्त असे होते, आणि पाण्याचा रेटा वाढतो. म्हणून शिशाच्या दोरीला दर दहा यार्डांमागे, म्हणजे नऊ मीटरमागे, दीड मीटरच्या आसपास खोली मिळते. तेवढीच तांब्याची तार दोन मीटरपर्यंत जाते. शिशाच्या दोरीचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. तिचा रंग दर दहा यार्डांनी बदलतो, त्यामुळे किती सोडली ते मोजावे लागत नाही.

पोलाद भक्कम असते, पण हलके आणि ताठर. चांदी तांब्याहून जड आणि सोने तर दुपटीहून जड आहे. त्या तारा रिळावर चढवून बोटीवर जाणारा माणूस मात्र मासे धरायला गेला असे कोणी मानणार नाही. जड, पुरेसे मजबूत, रिळावर गुंडाळता येईल इतके मऊ, गोड्या पाण्यात लवकर न गंजणारे आणि खिशाला झेपणारे, असे सगळे जुळून येते ते तांब्यात.

सरळ खाली वजन का सोडू नये?

सोडतात. त्या यंत्राला ‘डाउनरिगर’ म्हणतात. बोटीच्या कडेला बसवलेल्या चरखीवरून पोलादी दोरखंडाने चार-पाच किलोचा गोळा खाली सोडायचा, गोळ्याजवळ गळाची दोरी चिमट्यात अडकवायची, आणि मासा लागला की चिमटा सुटून दोरी मोकळी होते. खोली अचूक मिळते आणि मासा लागल्यावर काठीवर वजन राहत नाही. तांब्याच्या तारेहून हे यंत्र तांत्रिकदृष्ट्या सरस आहे, हे मान्यच करायला हवे.

तरीही तांबे टिकले आणि वाढले, याचे एक कारण शिंपल्यांत आहे. काळ्या समुद्राच्या परिसरातले झेब्रा शिंपले जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून महासरोवरांत आले. १९८८ मध्ये ते डेट्रॉइटजवळच्या सेंट क्लेअर सरोवरात आढळले आणि पाठोपाठ त्यांचे भाईबंद क्वागा शिंपले आले. हे शिंपले पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातात. त्यांची संख्या इतकी वाढली, की मिशिगन आणि ह्यूरॉनचे आतले पाणी आता सुपीरियरपेक्षाही पारदर्शक झाले आहे. पाणी निवळले की प्रकाश खोल जातो, आणि माशाला वरून जाणारी बोट, तिचा आवाज आणि तिच्याखाली डोलणारा गोळा हे सारे जाणवते. डाउनरिगरचे आमिष बोटीखालीच किंवा थोडेसे मागे असते. तांब्याच्या तारेचे आमिष बोटीपासून शंभरेक मीटर मागे असते. शिवाय तारेला पाण्यावर तरंगणारी एक छोटी फळी अडकवली, तर ती फळी तारेला बोटीच्या वाटेपासून वीस-तीस मीटर बाजूला घेऊन जाते. जिथून बोट गेलीच नाही अशा पाण्यात आमिष फिरते. बुजलेल्या माशासाठी हा फरक मोठा आहे.

तार प्रत्यक्ष हाताळताना

रिळावर तीन पदर असतात. सर्वांत आत शे-दोनशे मीटर बारीक, मजबूत, विणलेला धागा. त्याच्यावर ठरावीक लांबीची तांब्याची तार. आणि टोकाला सहा-सात मीटर पारदर्शक तंगूस, ज्याला आमिष बांधलेले असते. आमिष बहुधा धातूचा चमकता, किंचित वाकवलेला पत्रा असतो. तो पाण्यात डोलत जातो आणि लहान माशाचा भास निर्माण करतो. तार थोडीशीच सोडायची आणि बाकी रिळावर ठेवायची असे सहसा करत नाहीत. ६० मीटरची, ९० मीटरची आणि १२० मीटरची अशा वेगवेगळ्या काठ्या असतात, आणि ज्या खोलीवर जायचे त्या मापाची काठी उचलून तिची तार पूर्ण सोडतात. म्हणजे एका काठीला एक खोली. एवढे रीळ मोठे लागते आणि जडही. नव्वद मीटर तारेचेच वजन अर्ध्या किलोहून अधिक भरते.

तार सोडताना अंगठा रिळावर दाबून ठेवावा लागतो. तार मुळातच गुंडाळी होऊन राहू पाहते, त्यामुळे अंगठा क्षणभर ढिला पडला तर रीळ तारेपेक्षा जोराने फिरते, वळसे सैल होतात आणि एकमेकांत अडकून घरटे तयार होते. तंगुसाचा गुंता बसून सोडवता येतो. तांब्याच्या तारेला एकदा पीळ बसून घडी पडली, की ती सरळ केली तरी त्या जागी तार कमजोर होते आणि पुढचा मोठा मासा नेमका तिथेच ती तोडतो. शहाणा माणूस तिथे तार कापून नव्याने जोडतो. म्हणूनच बोट चालू ठेवून, ताण राखत, सावकाश तार सोडायची आणि जितकी गेली तितकी जाऊ द्यायची, एवढी एकच गोष्ट नवख्याला आधी शिकवतात.

तारेचा खरा स्वभाव दिसतो तो बोट वळताना. बोट डावीकडे वळली, की आतल्या म्हणजे डाव्या बाजूच्या तारेचा वेग मंदावतो आणि ती खाली बसू लागते; बाहेरच्या बाजूची तार वेगाने ओढली जाते आणि वर उचलली जाते. वळण संपेपर्यंत आतल्या काठीला मासा लागला, तर याचा अर्थ मासे आपल्या आमिषांच्या खाली आहेत, किंवा त्यांना मंद आमिष हवे आहे. बाहेरच्या काठीला लागला तर उलट. एखादा कप्तान उगाचच नागमोडी बोट हाकतो असे पाहुण्यांना वाटते, तेव्हा तो खरे तर पाण्याला प्रश्न विचारत असतो.

यंत्राआधीची हातओढ

काठी आणि रीळ यांच्या आधीपासून तांब्याची तार हातानेच ओढली जात असे, आणि काही ठिकाणी अजूनही ओढली जाते. फिंगर लेक्समध्ये आणि कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या ४१ मीटर खोल सिमको सरोवरात ही रीत लेक ट्राउटसाठी प्रसिद्ध आहे. बोट अगदी संथ चालवायची, आमिष तळाच्या जवळ जाईपर्यंत तार सोडायची आणि मग हाताने लांब झटका देऊन ती पुढे ओढायची व पुन्हा मागे जाऊ द्यायची. झटक्याने पत्रा वर उसळतो, सैल सोडल्यावर डोलत खाली उतरतो. तळाला टेकला तर तो ठोका तांब्यातून थेट बोटांना कळतो, कारण तांबे तंगुसासारखे ताणले जात नाही. लांबलचक तार हाताने गोळा करताना तिचा गुंता होऊ नये म्हणून फिंगर लेक्समधल्या जुन्या मासेमारांनी चावीच्या ग्रामोफोनची यंत्रणा वापरली: तबकडीच्या जागी चकती, आणि स्प्रिंगच्या जोरावर ती तार आपोआप गुंडाळून घेई. याच प्रदेशातले मत्स्यसंवर्धक सेठ ग्रीन (१८१७–१८८८) यांच्या नावाने ओळखली जाणारी मांडणीही खोल पाण्यासाठीच होती. एका वजनदार मुख्य दोरीला वेगवेगळ्या खोलींवर आखूड दोऱ्या आणि आमिषे बांधायची, म्हणजे मासा कोणत्या थरात आहे याचा अंदाज चुकला तरी एखादे आमिष बरोबर पडते.

हे मासे मूळचे इथलेच आहेत का?

लेक ट्राउट मूळचा आहे, सामन नाही. सामन का आणले, ती कथा मोठी आहे, थोडक्यात सांगतो. नायगारा धबधबा ओलांडता न येणारा लॅम्प्री नावाचा समुद्री परजीवी जीव वेलंड कालव्यामुळे वरच्या सरोवरांत पोहोचला. १९२१ मध्ये तो ईरीत आणि १९३० च्या दशकात मिशिगन, ह्यूरॉन व सुपीरियर येथे आढळला. तो चकतीसारख्या तोंडाने माशाला चिकटून त्याचे रक्त शोषतो. त्याने आणि बेसुमार मासेमारीने मिळून १९५० च्या दशकापर्यंत मिशिगन सरोवरातले लेक ट्राउट संपल्यात जमा केले. मोठा शिकारी मासा उरला नाही, म्हणून एलवाइफ हा समुद्राकडून आलेला लहान मासा बेफाम वाढला, आणि १९६७ च्या उन्हाळ्यात मेलेल्या एलवाइफचे खच मिशिगनच्या किनाऱ्यांवर लागले. त्याआधीच, १९६६ मध्ये, मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांच्या पुढाकाराने पॅसिफिक किनाऱ्यावरच्या कोहो सामनची पिल्ले सोडण्यात आली होती. १९६७ मध्ये चिनूक सोडले गेले. सामनला खाद्य मिळाले आणि राज्याला हौशी मासेमारीचा नवा उद्योग. आजचा भाड्याच्या बोटींचा व्यवसाय या निर्णयावर उभा आहे. तो कायमचा सुरक्षित आहे असे मात्र नाही. ह्यूरॉन सरोवरात २००४ च्या सुमारास एलवाइफ कोसळले, तेव्हा त्यांच्यावर जगणारे चिनूकही पाठोपाठ कोसळले.

तांबे पाण्यात विष कालवत नाही का?

नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदाराला हा प्रश्न पहिल्यांदा सुचेल, कारण बोर्डो मिश्रणातले मोरचूद म्हणजे तांब्याचेच संयुग आहे आणि ते पाण्यात गेले तर शेवाळ, गोगलगाई आणि मासे यांना घातक ठरते. फरक आहे तो विरघळण्यात. मोरचूद पाण्यात लगेच विरघळते. धातूच्या तारेवर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तिच्यातून तांबे अतिशय सावकाश सुटते. त्यातही मिशिगन किंवा ओंटारिओ सरोवराचे पाणी चुनखडीयुक्त आणि किंचित अल्कधर्मी आहे, ज्यात तांब्याचा विषारीपणा कमी होतो. तुटून तळाशी पडलेली तार हा कचरा आहे, आणि दुसऱ्याचा गळ किंवा जाळे तिच्यात अडकू शकते, ही तक्रार जास्त खरी आहे.

याच्या उलट, तांबे विद्युत्‌क्षेत्र निर्माण करून माशाला खेचते, असाही दावा ऐकू येतो. तो मला पटत नाही. शार्क आणि मांगूरजातीच्या माशांना वीज जाणवणारी इंद्रिये असतात. ट्राउट आणि सामन यांना ती नसतात. ताणलेली तार पाण्यातून जाताना थरथरते आणि गुणगुणते, हे खरे आहे, पण तसे कोणतीही ताठ दोरी करते. त्या थरथरीने मासा ओढला जातो की बिचकतो, हे मासेमारांच्या गप्पांत ज्याच्या त्याच्या त्या दिवशीच्या नशिबावर ठरते.

खोलातून ओढलेला मासा परत सोडला तर जगतो का?

वीस मीटर खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. वर येताना माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. पर्च किंवा वॉलाय यांसारख्या माशांत ही पिशवी बंद असते, त्यामुळे त्यांना इजा होते. ट्राउट आणि सामन यांच्यात ही पिशवी एका नळीने घशाशी जोडलेली असते आणि मासा हवा बाहेर सोडू शकतो. लेक ट्राउट वर येताना त्याच्या आधी बुडबुडे पृष्ठभागावर फुटताना दिसतात ते याचमुळे. दाबाचा प्रश्न असा बराचसा सुटतो, तापमानाचा सुटत नाही. दहा अंशांतल्या माशाला बावीस अंशांच्या पाण्यातून दमवत आणायचे आणि वर छायाचित्रासाठी उन्हात धरायचे, हे त्याच्या जिवावर बेतू शकते. ऑगस्टमध्ये खायला हवे तेवढे मासे धरून थांबणे हे धरून सोडत राहण्यापेक्षा अधिक प्रामाणिक, असे माझे मत आहे.

खाण्याबाबत एक व्यावहारिक गोष्ट. लेक ट्राउट दीर्घायुषी आणि तेलकट मासा आहे, आणि जुन्या कारखान्यांतून आलेली पीसीबी नावाची रसायने चरबीत साठतात. अमेरिकेने त्यांचे उत्पादन १९७९ मध्ये बंद केले, तरी ती अजून तळाच्या गाळात आणि मोठ्या माशांत आहेत. कोणत्या सरोवरातला, केवढा मासा महिन्यातून किती वेळा खावा, याच्या सूचना तिथली राज्ये प्रसिद्ध करतात. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी त्या अधिक कडक असतात. लहान मासा निवडणे, कातडी आणि पोटाकडची चरबी काढून टाकणे यांनी पीसीबी कमी होतात. पारा मात्र मांसातच असतो, तो साफ करून जात नाही. आपल्याकडे कालवणात मासा कातडीसकट आणि डोक्यासकट टाकतात. तिथल्या मोठ्या लेक ट्राउटच्या बाबतीत ही सवय बाजूला ठेवावी.

महाराष्ट्रातल्या धरणांत हे का चालत नाही?

कोयनेचे किंवा भंडारदऱ्याचे पाणीही खोल आहे, मग तिथे तांब्याची तार का नको, असे कोणी विचारील. उष्ण प्रदेशातल्या खोल जलाशयात उन्हाळ्यात थर पडतात, पण खालच्या थरात बऱ्याचदा प्राणवायू कमी होतो, आणि आपल्याकडच्या रोहू, कटला, महासीर यांना थंडीचा शोध घेत खाली जायचे कारणच नसते. ज्या माशासाठी खोल जायचे तो मासाच तिथे नाही. कोकण किनाऱ्यावर बोटीमागे आमिष ओढून सुरमई धरतात, तेव्हा गळाच्या अलीकडे धातूची तार असते खरी, पण ती हात-दोन हात लांबीची आणि बहुधा पोलादी असते. सुरमईचे दात तंगूस कापतात म्हणून ती लावतात; खोलीशी तिचा संबंध नसतो.